फरशी कुठली टाकू? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पाऊस ओसरायला लागला की घराची कामं निघतात आणि आमच्याकडे फरशीच्या प्रश्नांचा ढीग लागतो. यावेळी एवढे आले की पूर्ण सदर त्यालाच दिलंय. बऱ्याच जणांनी फोटो पाठवून "ही छान दिसेल का" असं विचारलंय, पण दिसण्याचं तुमचं तुम्ही ठरवा, मी फक्त एवढंच बघतो की त्या खोलीत पाणी कुठे पडतं आणि तिथे कोण चालतं.

प्रश्न: पुण्यात नवीन टू बीएचके घेतलाय. शोरूमवाला म्हणतो सगळ्या घरात एकच ८०० बाय १६०० मिलीमीटरची ग्लॉसी टाइल टाका, घर मोठं दिसतं. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, मुलगी ३ वर्षांची. काय करू? (पुण्याहून एक वाचक)

उत्तर: ताई, हॉलमध्ये टाकायची तर टाका, पण सगळ्या घरात अजिबात नको. आणि हॉलमध्ये टाकणार असाल तर एवढी मोठी टाइल नुसत्या सिमेंट-रेतीवर बसवू देऊ नका, ती टाइल अ‍ॅडहेसिव्हवरच लागते आणि खालचा कोबा एका लेव्हलला लागतो, नाहीतर कोपरे वरखाली होतात आणि पायाला ठेच लागते. १० बाय ११ फुटांच्या बेडरूममध्ये तर ही साइज घेऊच नका, कटिंगमध्ये फार वाया जाते, तिथे ६०० बाय ६०० किंवा ६०० बाय १२०० पुरते.

प्रकाराचं म्हणाल तर हॉल आणि बेडरूमला व्हिट्रिफाइड, म्हणजे पाणी जवळजवळ न पिणारी टाइल. त्यात डबल चार्ज म्हणजे वरचा रंगाचा थर दोन ते चार मिलीमीटर जाड असतो, वर्षानुवर्षं घासली तरी रंग जात नाही, पण डिझाइन मोजकी मिळतात. जीव्हीटी म्हणजे वर प्रिंट आणि त्यावर ग्लेझ (काचेसारखा पातळ थर), त्यात मार्बल, लाकूड, काय वाट्टेल ते दिसतं, फक्त जड वस्तू पडून टवका उडाला की आतला रंग दिसतो. तुमच्या घरात ३ वर्षांची मुलगी आहे, खेळणी आपटणारच, मी असतो तर हॉलला डबल चार्ज घेतली असती.

किचनला मॅट घ्या, पण एकदम खरबरीत नको, तेलाचा चिकटा त्या खाचांमध्ये बसतो आणि मग ब्रशने घासत बसावं लागतं. सॅटिन मॅट म्हणून मिळते ती बरी. रंग बिस्किटी किंवा हलका करडा. पांढऱ्याशुभ्र फरशीवर हळद दिसते आणि काळ्यावर पीठ दिसतं, दोन्ही रोजच्या स्वयंपाकात सांडणारच.

आता बाथरूम, ज्याच्यावर सगळे सगळ्यात कमी वेळ घालवतात आणि घरातली म्हातारी माणसं पडतात ती तिथेच. तिथे १ फूट बाय १ फुटाची अँटीस्किड घ्या. छोटी एवढ्यासाठी की जाळीकडे चारी बाजूंनी उतार द्यायचा असतो, मोठी टाइल त्या उतारात नीट बसत नाही आणि मधे डबकं राहतं, शिवाय छोट्या टाइलला जॉइंट जास्त म्हणून पायाला पकड पण जास्त. बॉक्सवर किंवा कॅटलॉगमध्ये आर १० किंवा आर ११ लिहिलंय का बघा (टाइलला पकड किती त्याचा हा दर्जा, आकडा मोठा तितकी पकड जास्त), आर ९ बाथरूमला कमी पडते. आणि नुसत्या आकड्यावर पण जाऊ नका, दुकानात सॅम्पल जमिनीवर ठेवायला लावा, बाटलीतलं पाणी त्यावर ओता, थेंबभर हँडवॉश टाका, चप्पल काढा आणि काउंटरला धरून पाय घासून बघा. तुमचा पाय सरकला तर सासूबाईंचा पण सरकणार. दुकानदार बघत बसला तर बसू दे.

उताराचं मिस्त्रीला आधीच सांगा, ४ फुटाला अर्धा ते पाऊण इंच तरी पाहिजे. टाइल लावायच्या आधी वॉटरप्रूफिंग करून जाळी बंद करायची आणि किमान २४ तास पाणी भरून ठेवायचं, जमलं तर ४८ तास, खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते का बघायचं आणि मगच पुढे जायचं. हे झाल्याशिवाय टाइलला हात लावू देऊ नका, घाई झाली तरी.

अजून एक, भिंतीची टाइल उरली म्हणून ती बाथरूमच्या जमिनीला लावणारे लोक आहेत. भिंतीच्या सिरॅमिक टाइलचं अंग १० टक्क्यांहून जास्त पाणी पितं, व्हिट्रिफाइडचं अर्ध्या टक्क्याच्या आत असतं. भिंतीच्या टाइलचं ग्लेझ पायाखाली टिकत नाही आणि ओली झाली की घसरगुंडी. बाल्कनीला मॅट, आणि हॉलपेक्षा निदान अर्धा इंच खाली.

प्रश्न: आमचं चिपळूणजवळ जांभ्याचं घर आहे, खाली शहाबादी. पावसात फरशीला घाम सुटतो आणि भिंतीच्या कडेला पांढरं फुलतं. मुलगा मुंबईहून म्हणतो की बेडरूमला वुडन फ्लोअरिंग करूया. करावं का? (एक काका)

उत्तर: काका, मुलाला थोडं थांबायला सांगा, आधी हे पाणी वरून येतंय की खालून ते बघू. साधारण २ बाय २ फुटाचा जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, कोरड्या फरशीवर पसरा, चारी कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद करा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. उचलल्यावर प्लास्टिकच्या खालच्या बाजूला पाणी असेल तर ओल जमिनीतून वर येतेय. वरच्या बाजूलाच दव जमलं असेल तर ती हवेतली दमट वाफ आहे, थंड फरशीवर येऊन पाणी होतेय, त्यात फरशीचा काही दोष नाही. तुमच्याकडे कडेला पांढरं फुलतंय म्हणताय म्हणजे लोणा आहे, आणि लोणा म्हणजे खालची ओल क्षार घेऊन वर येतेय, त्यामुळे मला तरी दोन्ही गोष्टी एकत्र आहेत असं वाटतं.

अशा जमिनीवर लॅमिनेटचं वुडन फ्लोअरिंग म्हणजे पैसे पाण्यात. ते आतून दाबलेल्या लाकडाच्या भुशाचं असतं, ओल लागली की सांध्यांवर फुगतं, कडा वर येतात आणि एकदा फुगलं की परत बसत नाही, वर कोकणात वाळवी आहेच. एसपीसी म्हणून दगडाची पूड आणि प्लास्टिकचं मिळतं त्याला पाण्याने किंवा वाळवीने काही होत नाही हे खरं, पण खालून ओल येत असेल तर ती त्याच्याखाली कोंडून राहते आणि खोलीला कुबट वास लागतो.

खर्च करणारच असाल तर तो खाली करा. फरशी उचला, दगडांचं सोलिंग आणि काँक्रीट नीट करून घ्या, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद जोड एकमेकांवर चढवून अंथरा, कडेने भिंतीवर थोडा वर घ्या आणि मग त्यावर फरशी. कागद दिसत नाही म्हणून मिस्त्री टाळतात, तुम्ही स्वतः उभं राहून बघा. भिंतीतून चढणारी ओल मात्र या कागदाने थांबत नाही, त्याचं काम वेगळं करावं लागतं. वर लाकडासारखं पाहिजेच असेल तर लाकडाच्या रेघांची मॅट टाइल मिळते, २०० बाय १२०० च्या पट्ट्या, लांबून कोणाला कळत पण नाही. आणि चिपळूणने जुलै २०२१ मध्ये काय पाणी बघितलं ते मी तुम्हाला सांगायला नको, तळमजला पुराच्या टप्प्यात असेल तर धुऊन काढता येईल अशीच फरशी ठेवा, दगड नाहीतर टाइल.

प्रश्न: अकोल्यात घर बांधतोय. बायकोला पांढरा मार्बल पाहिजे, वडील म्हणतात कोटा लावा. किचन आणि देवघर पण त्यातच धरलंय. (एक वाचक)

उत्तर: दादा, वडिलांचं म्हणणं पटतंय मला, पण वहिनींचं पण पूर्ण मोडायला नको. अकोल्याचा उन्हाळा ४५ च्या पलीकडे जातो, तिथे दुपारी कोट्यावर नुसतं आडवं पडायचं सुख ज्याने घेतलंय त्याला विचारा. हॉल, ओसरी, पॅसेजला कोटा घ्या. हा राजस्थानातल्या कोटा आणि रामगंजमंडीच्या बाजूचा चुनखडीचा दगड आहे, निळसर करडा आणि तपकिरी असा मिळतो, लावल्यावर मशीनने पॉलिश करून घेतात आणि दहा-पंधरा वर्षांनी परत पॉलिश मारलं की पुन्हा नवा. जिन्याच्या पायऱ्यांना मात्र गुळगुळीत पॉलिश नको, कडेला खाचा मारून घ्या.

किचनचं वेगळं आहे. मार्बल काय, कोटा काय, कडप्पा काय, सगळे चुन्याच्या जातीचे, आंबट पडलं की खातात. दुकानात तुकडा मागा, वर लिंबाचे दोन थेंब पिळा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि पुसून तिरक्या उजेडात बघा, जिथे थेंब होता तिथली चमक गेलेली दिसेल. ग्रॅनाइटला तसं होत नाही. म्हणून ओट्याला ग्रॅनाइट आणि किचनच्या जमिनीला मॅट व्हिट्रिफाइड. कोटाच पाहिजे असेल तर चालेल, पण चिंच-लिंबू सांडलं की लगेच पुसायची सवय घरात सगळ्यांना पाहिजे.

देवघराला मार्बल घ्या, वहिनींची हौस तिथे होऊ द्या. फक्त समईखाली आणि कुंकवाच्या करंड्याखाली ताट ठेवायचं, तेल आणि कुंकू मार्बलमध्ये मुरतं आणि मग निघता निघत नाही. लावताना खाली पांढरं सिमेंट वापरायला सांगा, साधं वापरलं तर करडेपणा वर झिरपतो.

आणि ही गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा: काम झाल्यावर फरशी अ‍ॅसिडने धुवायची नाही. टाइलवरचं सिमेंट काढायला मिस्त्री लोकांच्या हाताला अ‍ॅसिडची सवय असते, त्याच सवयीने ते मार्बल-कोट्यावर ओततात, फेस येतो, त्यांना वाटतं मळ निघतोय, आणि खरं तर दगडच जात असतो. टॉयलेट साफ करायचं लिक्विड पण तेच करतं.

प्रश्न: ठाण्यात १९८४ ची बिल्डिंग, घरात जुनी मोझॅक. फोडून टाइल लावू की वरच टाइल चिकटवू? (एक वाचक)

उत्तर: आधी तिसरा पर्याय बघा, पॉलिश. मोझॅकमध्ये मार्बलचे खडे असतात आणि तो थर जाड असतो, मशीन फिरवून वरचा पापुद्रा काढला की आतून स्वच्छ फरशी निघते, फोडण्याच्या खर्चाच्या मानाने फारच कमी पैशांत. पॉलिशवाल्याला कपाटाखालच्या कोपऱ्यात एक-दोन फुटांचा तुकडा करून दाखवायला सांगा, तो बघा आणि मग ठरवा. मला स्वतःला जुनी मोझॅक फार आवडते, लोक ती धडाधड फोडतात याचं खरंच वाईट वाटतं.

तरी टाइलच लावायची असेल तर आधी लाकडी दांड्याने सगळी फरशी ठोकून घ्या. पोकळ वाजेल तिथली काढून भरून घ्यायची, नाहीतर खालची हलली की वरची पण हलणार. टाइलवर टाइल केली तर वजन चौरस फुटाला अडीच किलोच्या आसपास वाढतं, आणि अ‍ॅडहेसिव्ह न वापरता दोन इंच सिमेंट-रेती टाकून केली तर नुसत्या त्या थराचंच नऊ-दहा किलो, जुन्या स्लॅबवर हे अजिबात करू नका. दरवाजे खालून कापावे लागतील, बाल्कनीचा कठडा तेवढा बुटका होईल, बाथरूमचा उंबरा बघावा लागेल. सोसायटीला आधी लेखी कळवा. बाथरूममध्ये मात्र टाइलवर टाइल नकोच, तिथे फोडून वॉटरप्रूफिंग नव्याने करा.

प्रश्न: नाशिकला राहतो. थंडीत पहाटे मोठा आवाज झाला आणि हॉलमधल्या चार टाइल्स तंबूसारख्या वर आल्या. भूकंप झाला की काय असं वाटलं. मिस्त्री म्हणतो टाइल खराब होती. (एक वाचक)

उत्तर: टाइलचा दोष क्वचित असतो, बसवण्याचा असतो. फरशी आणि खालचा स्लॅब ऊन-थंडीने आणि ओलीने कमीजास्त होत राहतात, आणि टाइल्स एकमेकींना घट्ट चिकटवून, भिंतीला टेकवून लावल्या असतील तर सरकायला जागाच नसते, मग ताण साठत जातो आणि जिथे खाली पकड कच्ची असेल तिथून उसळतात. वर आलेली टाइल उलटी करून बघा, मागे माल चिकटलेला नसेल, कोरी असेल, तर काय झालं ते कळलंच. आता पूर्ण हॉल ठोकून बघा, पोकळ वाजणाऱ्या सगळ्या काढा, परत लावताना पूर्ण पाठीला अ‍ॅडहेसिव्ह, दोन-तीन मिलीमीटरचे स्पेसर (दोन टाइल्समध्ये फट ठेवणारे तुकडे) आणि भिंतीच्या कडेने स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली, थोडी फट. बिनजॉइंटची फरशी दिसते छान म्हणून लोक मागतात आणि मिस्त्री करून देतात.

प्रश्न: १० बाय १२ च्या खोलीला किती बॉक्स लागतील? दुकानदार १२ म्हणतो. (कोल्हापूरहून)

उत्तर: ६०० बाय ६०० धरूया. जमीन १२० चौरस फूट. स्कर्टिंग, घेर ४४ फूट, उंची ४ इंच, म्हणजे दाराची जागा सोडून साधारण १४. झाले १३४, कटिंगचे सात-आठ टक्के धरून १४४-१४५. चार टाइल्सचा बॉक्स साधारण साडेपंधरा चौरस फुटांचा, म्हणजे १० बॉक्स पुरतात. तिरकी लावणार असाल तर अकरावा घ्या. सगळ्या बॉक्सवरचा बॅच नंबर आणि शेड एकच आहे का ते टेम्पोतून उतरवतानाच बघा, एकदा लावल्यावर दुकानदार ऐकत नाही. उरलेल्या टाइल्स परत देऊ नका, माळ्यावर ठेवा, चार वर्षांनी प्लंबरने एखादी फोडली तर ती शेड बाजारात मिळणार नाही.