प्रत्येक मॉडेलचं मॅन्युअल वेगळ्या वर्ड फाइलमध्ये आहे. एक सूचना बदलली की सगळ्या फाइल उघडाव्या लागतात. अंधेरी एमआयडीसीतल्या आमच्या पंपांच्या कारखान्यात हे कसं सुधारायचं?

सॉफ्टवेअर घ्यायची घाई करू नका. आधी सगळीकडे जशाच्या तशा येणाऱ्या सूचना शोधा. ‘झाकण उघडण्याआधी मेन स्विच बंद करून कुलूप लावा’ हा इशारा एकदाच लिहा, त्याला क्रमांक द्या. प्रत्येक मॅन्युअल तो तिथूनच उचलेल. मजकुराच्या एका तुकड्यात एकच काम पूर्ण व्हावं, जसं सील बदलणं. वाक्यावाक्याचे तुकडे पाडलेत तर सांभाळणाऱ्याचे हाल होतील. आयबीएममध्ये जन्मलेलं, २००५ मध्ये ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने मानक केलेलं डिटा (तांत्रिक मजकूर तुकड्यांत लिहून पुन्हा वापरायची रचना) याच पद्धतीचं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक तुकड्याची जबाबदारी एका माणसावर द्या. डिझाइनमधला बदल मंजूर झाला की तो त्याच्यापर्यंत पोचलाच पाहिजे. नाहीतर शॉपफ्लोअरच्या टॅबवर जुनाच टॉर्क (आवळण्याचा पीळ) दिसेल आणि फिटर बोल्ट तेवढाच आवळेल.