खर्डा अजून पाठवू नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझा खर्डा काल रात्री वाचला आणि आज सकाळी पुन्हा एकदा. मुलींचा मेंदू मुळातच गणितासाठी नसतो, असं तो वक्ता भर सभेत बोलला आणि तू त्याच रात्री चार पानं लिहून काढलीस. तुझा राग योग्य आहे, तो मला कमी करायचा नाही. पण त्याने हे कशाच्या आधारावर म्हटलं, याची चार पानांत एकही ओळ नाही. म्हणून हे पत्र.

सोफिया नदेझ्दे हे नाव तू ऐकलं नसशील. जन्म 1856चा, रोमानियाच्या उत्तरेकडच्या बोतोशान गावातला. 1874 मध्ये लग्न झालं आणि याश शहरात संसार थाटला. पुढे सहा मुलं झाली. नवरा इओन शिक्षक होता, पण 1881 मध्ये समाजवादी मतांपायी त्याची नोकरी गेली. त्याच वर्षी या मंडळींनी ‘कॉन्तेम्पोरानुल’, म्हणजे ‘समकालीन’, हे मासिक काढलं. मुलांचं करता करता सोफिया त्यात लिहायची. विद्यापीठाची पदवी तिच्याकडे नव्हती.

1882 मध्ये तितु मायोरेस्कु यांनी बुखारेस्टला व्याख्यान दिलं. हे गृहस्थ म्हणजे देशातले सर्वांत वजनदार समीक्षक, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि माजी शिक्षणमंत्री. पुढे पंतप्रधानही झाले. विषय डार्विनचा होता. त्यात त्यांनी सांगितलं की बाईचा मेंदू पुरुषापेक्षा सुमारे 10 टक्के लहान असतो, मग राष्ट्रांचं भवितव्य तिच्या हाती कसं सोपवायचं? विज्ञानाचा आधार घेतल्यामुळे हे ऐकणाऱ्याला निर्विवाद वाटत होतं.

सोफियाने त्याच मासिकातून उत्तर दिलं आणि मायोरेस्कुंचं नाव थेट शीर्षकात घातलं. तेव्हा ती सव्वीस वर्षांचीसुद्धा पुरती झाली नव्हती. तिने काय केलं ते नीट बघ. बायकांचा अपमान झाला, या तक्रारीवर ती थांबली नाही. ज्या मोजमापांच्या जोरावर ते बोलत होते, तीच तिने हातात घेतली. मेंदूचं वजन सांगता, मग शरीराचं का नाही सांगत? शरीराच्या प्रमाणात पाहिलं तर बाईचा मेंदू कमी ठरत नाही. (नुसत्या वजनावर बुद्धी ठरवायची तर हत्तीलाच मंत्री करावं लागेल, ही भर माझी.) पुढे तिने मूळ प्रश्न धरला. ज्यांना पिढ्यान् पिढ्या शाळेबाहेर ठेवलं, त्यांची बुद्धी कमी दिसली तर दोष कवटीचा कसा?

मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. समोरच्याचा आकडा खोटा आहे, असं ओरडणं सोपं असतं. तो आकडा अर्धाच सांगितलाय, हे दाखवायला आधी तो समजून घ्यावा लागतो.

तुझ्या वयाची असताना मीही एका लेखाला असंच तडकाफडकी उत्तर लिहिलं होतं. छापून आलं, कौतुकही झालं. मग आठवड्याभराने मी घातलेला एक आकडा चुकीचा निघाला आणि त्यानंतर माझ्या मुद्द्याकडे कुणी पाहिलंच नाही. ती सल अजून जात नाही.

आणखी एक. सोफियाचं लेखन सुरू झालं ते एका दुसऱ्या बाईने जागा दिली म्हणून. मारिया फ्लेख्तेनमाखर यांनी 1878 मध्ये बुखारेस्टला ‘फेमेया रोमना’, म्हणजे ‘रोमानियन स्त्री’, हे पत्र सुरू केलं होतं. तिथे 1879 मध्ये सोफियाचा स्त्रीप्रश्नावरचा लेख आला. ते पत्र 1881 पर्यंतच टिकलं, पण तेवढ्यात हे काम होऊन गेलं. तुझ्या मैत्रिणी जे हस्तलिखित काढतात, त्याला ‘छोटं’ म्हणून नाक मुरडू नकोस.

तेव्हाच्या रोमानियात 1865च्या दिवाणी कायद्याप्रमाणे लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय कायदेशीर व्यवहार करता येत नसे. सोफियाने या परावलंबनावर बोट ठेवलं. शेतावर आणि कारखान्यात राबणाऱ्या बायकांबद्दल लिहिलं. 1893 मध्ये ‘एवेनिमेंतुल लितेरार’ या साप्ताहिकाची संपादक झाली, पुढे कादंबऱ्या लिहिल्या. नव्वदीच्या उंबरठ्यावर, जून 1946 मध्ये ती गेली. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार देणारा निवडणूक कायदा जुलैत आला. ही तारीख वाचली की मला दर वेळी गलबलून येतं.

1882 साल मात्र आपलंही आहे. त्याच वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्यात छापलं गेलं. दोघींना एकमेकींचं नावही ठाऊक नसणार. ते पुस्तक तुझ्या कपाटात आहे, मीच दिलंय. आता काढून वाच.

तर आता असं कर. त्या भाषणाचं पूर्ण ध्वनिमुद्रण मिळव, बातमीतल्या दोन वाक्यांवर जाऊ नकोस. त्याने ज्या अभ्यासाचा हवाला दिला, तो मुळातून वाच: किती मुली होत्या, किती वयाच्या, कुठल्या शाळांतल्या. न कळलेलं तुझ्या संख्याशास्त्राच्या बाईंना विचार, लाजू नकोस. मग पहिली दीड पानं काढून टाक. तिसऱ्या पानावर तुझ्या आजीला सातवीनंतर शाळा सोडावी लागल्याचा परिच्छेद आहे, त्याला हात लावू नकोस. लेख तिथूनच सुरू होतो.

रविवारी दुपारी घरी ये. आकड्यांचा कागद वेगळा लिहून आण, आपण दोघी मिळून तपासू.

तुझी,
मावशी