आंब्याची पेटी, कॅलेंडरातली लक्ष्मी आणि पॉप आर्ट

प्रश्न : आमची देवगडला हापूसची बाग आहे. मुंबईत चित्रकला शिकणाऱ्या माझ्या मुलाने सुट्टीत आमच्याच आंब्याच्या पेट्यांची हुबेहूब चित्रे ओळीने मांडून एक भला मोठा कॅनव्हास रंगवला. ही ‘पॉप आर्ट’ आहे, असे तो म्हणतो. पेटीवरचा आंबा तर छापखान्यातल्या कारागिराने काढलेला आहे. मग मुलाने त्यात नवे काय केले? (एक बागायतदार, देवगड)

उत्तर : हीच शंका १९६४ साली न्यू यॉर्कमध्येही अनेकांना पडली होती. त्या वर्षी अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी तेथील स्टेबल गॅलरीत ब्रिलो या भांडी घासायच्या घासण्यांच्या खोक्यांच्या थप्प्या रचल्या. दुकानातले खोके पुठ्ठ्याचे असत. वॉरहॉल यांचे खोके प्लायवूडचे होते आणि कंपनीची अक्षरे त्यांवर स्क्रीन प्रिंटिंगने उतरवलेली होती. गंमत अशी की मूळ खोक्याची रचना करणारे जेम्स हार्वी हे स्वतः चित्रकार होते. पोटापाण्यासाठी ते वेष्टनांची कामे करत आणि उरलेल्या वेळात अमूर्त चित्रे रंगवत. आज त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून छापखान्यातल्या कारागिराची आपण काढलेली आठवण मला अगदी योग्य वाटते. त्याचे नाव चित्राच्या पाठीमागे लिहायला मुलाला अवश्य सांगावे.

आता मुलाने काय केले, त्याविषयी. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत अमूर्त चित्रकलेचा दबदबा होता आणि कुंचल्याच्या प्रत्येक फटकाऱ्यात चित्रकाराच्या मनातली खळबळ उमटावी, अशी अपेक्षा असे. बाहेर मात्र लोकांच्या डोळ्यांसमोर दिवसभर जाहिराती, डबे, नटनट्यांचे फोटो आणि चित्रकथा असत. या पसाऱ्यालाच चित्राचा विषय करणारी कला म्हणजे पॉप आर्ट, आणि त्याकडे असे गांभीर्याने पाहण्याची सुरुवात आधी लंडनमध्ये झाली. युद्धानंतरच्या टंचाईतून नुकत्याच बाहेर पडलेल्या त्या शहरात चित्रकार रिचर्ड हॅमिल्टन यांनी १९५६ साली मासिकांतली कात्रणे चिकटवून सुखवस्तू दिवाणखान्याचे एक लहानसे कोलाज केले. वॉरहॉल तर जाहिरातींसाठी चित्रे काढण्यात मुरलेलेच होते. १९६२ साली लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत त्यांनी कॅम्पबेल सूपच्या डब्यांची ३२ चित्रे मांडली, दर प्रकारच्या सूपसाठी एक, आणि तीही दुकानातल्यासारखी फळीवर ओळीने. गॅलरीचे चालक अर्व्हिंग ब्लम यांनी तो सगळा संच १,००० डॉलरना, तोही हप्त्यांनी, स्वतःकडेच ठेवून घेतला.

त्याच वर्षी हॉलिवूडच्या नटी मेरिलिन मन्रो वारल्या आणि वॉरहॉल यांनी त्यांच्या एकाच प्रसिद्धी-छायाचित्राचे ५० ठसे दोन कॅनव्हासांवर उमटवले. ताणलेल्या पडद्यातून शाई ओढण्याचे हे स्क्रीन प्रिंटिंगचे तंत्र आपल्याकडे लग्नपत्रिका छापणाऱ्यांना पाठ आहे. शाई जास्त झाली की ठसा फासला जातो, कमी पडली की विरतो. एखाद्या छापखान्यात असे कागद रद्दीत गेले असते. वॉरहॉल यांनी तेच ठेवले. डावीकडे भडक रंगांतले २५ चेहरे आहेत, तर उजवीकडच्या काळ्या-पांढऱ्या चेहऱ्यांपैकी काही काजळीत बुडालेले आणि काही जवळजवळ पुसले गेलेले आहेत. चित्रकार इथे शोक करतो आहे की प्रसिद्धीच्या यंत्राकडे थंडपणे बोट दाखवतो आहे, हे तो सांगत नाही. काहींना हा पळपुटेपणा वाटतो. मला त्यातच या चित्राचे बळ दिसते.

आपल्या मुलाच्या चित्राचाही कस इथेच लागेल. नुसती नक्कल असेल, तर त्याला साठ वर्षांचा उशीर झाला आहे. पण वाशीच्या बाजारात फळाआधी गिऱ्हाइकाला दिसणारी ती पेटी इतक्या वेळा समोर आल्यावर, वर्षानुवर्षे ती भरणाऱ्या आपल्यालाही तिच्यात काही नवे दिसले का? दिसले असल्यास मुलाच्या पाठीवर थाप द्यायला हरकत नाही.

प्रश्न : आमच्या माजघरात मुळगावकरांचे लक्ष्मीचे जुने कॅलेंडर चौकट करून लावलेले आहे. त्याला पॉप आर्ट म्हणावे का? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : नाही, आणि त्यामुळे त्याला कमीपणाही येत नाही. राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तेव्हापासून देवादिकांची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचू लागली आणि गोमंतकातून आलेले रघुवीर मुळगावकर याच परंपरेतले. त्यांची लक्ष्मी हात जोडण्यासाठी आहे. पॉप आर्टवाला चित्रकार अशी प्रतिमा उचलतो आणि तिच्याकडे जरा अंतरावरून पाहायला लावतो. मुंबईत जन्मलेले आणि पुढे बडोद्यात स्थायिक झालेले चित्रकार भूपेन खक्कर यांनी साठीच्या दशकात देवांची बाजारी छापील चित्रे आपल्या कोलाजांत वापरली. मुंबईचे चित्रकार अतुल दोडिया यांनी तर दुकानाच्या लोखंडी शटरवर कॅलेंडरातल्यासारखी महालक्ष्मी रंगवली. शटर वर सरकवले की मागे हुंड्यापायी गळफास घेतलेल्या तीन बहिणी दिसतात. आपल्या माजघरातल्या लक्ष्मीचे रूप तेच असले, तरी या शटरवर येताच ते किती अस्वस्थ करते, हे ध्यानात यावे.

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या फलकावर मुलांनी मोबाइलवरून ठिपक्याठिपक्यांचे ‘पॉप आर्ट’ केले आहे. ते खरे मानावे का? (मंडळाचे एक कार्यकर्ते, चिपळूण)

उत्तर : सजावट म्हणून खुशाल मानावे. स्वस्त छपाईत मोजक्या शाईतून अनेक छटा काढण्यासाठी असे ठिपके वापरत. अमेरिकी पॉप चित्रकार रॉय लिक्टनस्टाइन यांनी युद्धाच्या चित्रकथेतले एक दृश्य १९६३ साली चार मीटर रुंद करून रंगवले आणि ठिपकेही त्याच बेताने वाढवले, म्हणून ते डोळ्यांत भरले. जाहिरातींच्या दुनियेतून कलेत आलेली ही शैली आता पुन्हा जाहिरातींत परतली आहे आणि आपला फलक त्याच वाटेवरचा आहे. ठिपके मात्र चांगले मोठे ठेवावेत, कारण बारीक ठिपके रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसणारच नाहीत.