रिसॉर्टच्या गोल्फ कोर्सवर एकट्याला खेळू देतात का? एकटं खेळताना विचित्र वाटतं का?

तुम्ही लिहिलंय की मेहुण्याच्या लग्नासाठी नागपूरजवळच्या एका रिसॉर्टात दोन दिवस मुक्काम आहे, पुण्यात ड्रायव्हिंग रेंजवर (फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर) हात बसलाय, पण खऱ्या कोर्सवर फारसा उतरलो नाही आणि सोबत खेळणारं कोणी नाही.

खेळू देतात, बिनधास्त जा. लग्नघरातून दोन तास सुटका होईल ती वेगळीच.

मी वर्धा जिल्ह्यात कृषी केंद्र चालवतो. आमच्या गावात गोल्फ खेळतो म्हटलं की लोक आधी तब्येत विचारतात. नागपुरात हा खेळ म्हणजे वायुसेनानगर नाहीतर कामठी, दोन्हीकडे लष्करी कारभार, गेटवर जाऊन ‘खेळायचंय’ म्हटल्यानं भागत नाही. म्हणून हायवेपासून आत असलेल्या एका रिसॉर्टचा नऊ होलचा कोर्स धरला. जोडीदार मिळेना म्हणून एकटा खेळायला लागलो, आता मिळाला तरी मी टाळतो.

आधी फोन करा. कोर्स चालू आहे का, भाड्यानं क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्या, मिळतात का (डावखुरे असाल तर हे नक्की विचारा), आणि त्या दिवशी हिरवळीवर मांडव आहे का. लग्नसराईत पटिंग ग्रीनला (चेंडू हलकेच होलात ढकलायच्या बारीक गवताच्या हिरवळीला) लागून हळदीचा डीजे लावलेला मी पाहिलाय. सकाळची पहिली वेळ मागा. चौघांच्या गटाला अठरा होलला चार तास सहज लागतात, एकटा माणूस नऊ होल चालत दोन तासांच्या आत उरकतो. पुढे गट असेल तर थांबा, ते हात करून पुढे जा म्हणाले तरच जा. माणसं टप्प्यात असताना मारू नका, आणि चेंडू चुकून त्यांच्याकडे निघालाच तर ‘फोर!’ म्हणून जोरात ओरडा. लाजू नका, हा चेंडू डोक्यात बसला तर टाके पडतात.

पहिल्यांदा कॅडी, म्हणजे क्लबची पिशवी वाहणारा मदतनीस, घ्याच. आमच्याकडे बहुतेक शेजारच्या गावचीच पोरं असतात. त्यांना प्रत्येक ग्रीनचा उतार पाठ असतो, आणि तुमचा पहिला फटका बघूनच तुम्ही कुठवर शिकलात ते कळतं. मी ड्राइव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब) उपसला की आमचा कॅडी म्हणतो, “भाऊ, एवढा जोर कायले लावता? सात नंबरच्या क्लबनं जाते न तो.” आणि जातो.

विचित्र वाटण्याचं म्हणाल तर दुसऱ्या होलनंतर ते उरत नाही. त्यानंतर खरी गंमत सुरू होते, कारण पंच तुम्हीच असता. चेंडू झुडपात गेला की शोधायला तीन मिनिटं, २०१९ च्या आधी पाच होती. घड्याळ तुमच्याच हातावर. हरवला तर एक दंडाचा फटका आणि जिथून मारला तिथं परत जायचं. हे परत चालणं टाळायचं असेल तर शंका येताच आधीच प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला सापडलाच नाही तर चालवायचा, चेंडू मारावा. नियम म्हणतो, तो मारण्याआधी मोठ्यानं सांगा, आणि ऐकायला जवळ कोणी नसेल तर मारून घ्या, मग शक्य होईल तेव्हा कोणाला तरी सांगा. कॅडी नसला की मी तरीही मोठ्यानं सांगतो. टिटवी ओरडते, बास.

आमच्या भागातले प्रश्न मात्र पुण्याच्या मॅटवर शिकवत नाहीत. रात्री रानडुकरं येऊन फेअरवे (होलकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा) उकरून जातात. चेंडू त्या उकरलेल्या खड्ड्यात बसला तर दंड न घेता बाहेर काढता येतो: जिथं खड्ड्याची अडचण पूर्ण संपते ती सर्वांत जवळची जागा, तिथून एका क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडायचा. पण रोह्याच्या (नीलगायीच्या) खुराच्या ठशात बसला तर जसा आहे तसा मारा, कारण खुराचा ठसा म्हणजे जनावरानं खणलेला खड्डा नव्हे. वानरानं चेंडू उचलून नेलेला दिसला तर मूळ जागी दुसरा ठेवा, दंड नाही. दिसला नसेल, नुसतं ‘वानरानंच नेला असेल’ वाटत असेल, तर तो हरवलेला चेंडू. झाडावर वानरं बसलेली असणं हा पुरावा होत नाही. इथं माणूस स्वतःशी बरीच वकिली करतो.

जमीन काळी. पावसाळ्यात चेंडू स्वतःच्याच खड्ड्यात रुतून बसतो, तिथं दंडाशिवाय बाहेर काढायची सूट आहे (बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, नाही). उन्हाळ्यात भेगा पडतात, आणि ती जागा दुरुस्तीखाली म्हणून आखलेली नसेल तर भेगेला सूट नाही. खेळता येत नाही असं स्वतः ठरवून एक दंड घ्या. तुम्ही लग्नाला येताय म्हणजे हिवाळा किंवा एप्रिल-मे. हिवाळ्यात सकाळी दवामुळे पट (ग्रीनवरचा हलका फटका) मंद जातो, नऊनंतर तोच पट होल ओलांडून जातो. त्यात गवत हरळीचं, पानं एका अंगाला झुकलेली. झुकावाच्या दिशेनं चेंडू पळतो, उलट अडतो. कपाशीत हीच हरळी मारायला लोक माझ्याकडून औषध नेतात आणि कोर्सवर तिला खत घालतात, हे बघून मला दर वेळी हसू येतं.

मे महिना असेल तर साडेनऊच्या आत क्लब म्यान करा. पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि एकटा माणूस सातव्या होलला चक्कर येऊन पडला तर क्लबहाऊसला लवकर कळत नाही. फोन जवळ ठेवा, उपरणं भिजवून मानेवर टाका. दुपारनंतर ढग दाटून गडगडायला लागलं तर होल अर्धा सोडून या. विजेच्या भीतीनं खेळ थांबवायला नियमाचीच परवानगी आहे, आणि उघड्या रानात हातात लोखंड घेऊन झाडाखाली उभं राहण्यापेक्षा वाईट जागा नाही.

स्कोअर लिहा, पण तो हँडिकॅपला (स्कोअरवरून ठरणाऱ्या खेळाडूच्या दर्जाच्या आकड्याला) चालेल असं समजू नका. २०२० पासून जगभर लागू असलेल्या पद्धतीत सोबत कोणीच नसताना खेळलेला राउंड धरत नाहीत. कोर्स रिकामा असेल तर दोन चेंडू घेऊन खेळा, एक नेहमीचा आणि एक ‘असं मारलं असतं तर’ वाला. मागे कोणी आलं की दुसरा खिशात.