वाचक विचारतात : लेबलजवळची कोरी पट्टी

प्रश्न : ‘लेड झेपलिन 2’ या रॉक अल्बमच्या एलपी (लाँग-प्ले रेकॉर्ड) ऑनलाइन पाहतोय. कव्हर सारखंच, पण किमतीत दहापट फरक. चांगली वाजणारी प्रत फोटोवरून कशी ओळखायची? (लातूर)

उत्तर : विक्रेत्याला कव्हरचे फोटो मागू नका. शेवटचं गाणं संपतं तिथून लेबलपर्यंतच्या कोऱ्या पट्टीचे मागा, दोन्ही बाजूंचे. त्या पट्टीत हाताने कोरलेली किंवा ठोकलेली अक्षरं असतात. तबकडी कोणत्या कटिंगची, म्हणजे मूळ टेपवरून खाचा कापण्याच्या कोणत्या खेपेची आहे हे तीच सांगतात, आणि आवाज ठरतो तो कटिंगवर.

या अल्बममध्ये ‘आरएल’ ही अक्षरं शोधा. 1969 मध्ये रॉबर्ट लुडविग यांनी पहिलं अमेरिकन कटिंग केलं, ही त्यांची आद्याक्षरं. खाचा इतक्या जोरकस कापल्या होत्या की स्वस्त प्लेअरवर सुई उडू लागली. मग कंपनीने ते मागे घेऊन मवाळ कटिंग बाजारात आणलं. ड्रमचा दणका आहे तो पहिल्यात. ‘आरएल’ दोन्ही बाजूंना हवं. एकाच बाजूला असेल तर ‘आरएल’ची किंमत मोजू नका.

इंग्लंडच्या ईएमआय कंपनीच्या प्रतींची खूण वेगळी. मॅट्रिक्स नंबर (त्या पट्टीतला मुख्य क्रमांक) सरळ वाचता येईल अशी, म्हणजे तो तळाशी, घड्याळातल्या सहाच्या जागी येईल अशी तबकडी धरा. नंबराच्या शेवटचा ‘-1’, ‘-2’ म्हणजे कितवं कटिंग. नऊच्या जागी ‘मदर’चा (ज्या धातूच्या तबकडीवरून साचे बनतात तिचा) आकडा आणि तीनच्या जागी रेकॉर्ड छापणाऱ्या साच्याची अक्षरं. ती वाचायची किल्ली GRAMOPHLTD या दहा अक्षरांत आहे : G म्हणजे 1, R म्हणजे 2, असं करत T म्हणजे 9 आणि D म्हणजे 0. ‘GA’ दिसलं तर साचा तेरावा. साचा झिजत जातो तशी उंच सुरांतली झळाळी जाते, म्हणून लहान आकडा बरा. पण दोन्हींतलं एकच निवडायचं असेल तर कटिंग आधी बघा, साचा नंतर.

‘180 ग्रॅम’ या स्टिकरचे जास्त पैसे देऊ नका. जाड तबकडी कमी वाकते, एवढंच. आत काय कापलंय ते वजन सांगत नाही.

आपल्याकडच्या शास्त्रीय संगीताच्या एलपींना मात्र विलायती प्रतीचा हट्ट कशाला? एचएमव्हीची कोलकात्याजवळच्या डमडमची छपाई हीच त्यांची मूळ प्रत. ‘ईएएलपी’ने सुरू होणारा नंबर मोनोचा, ‘ईएएसडी’चा स्टिरिओचा. मोनो ध्वनिमुद्रणावरून नंतर बनवलेल्या कृत्रिम ‘स्टिरिओ’ प्रती टाळा. त्यात गळा घुमतो आणि तबला लांब गेल्यासारखा वाटतो.

प्रत्यक्ष विकत घेताना मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. ओरखडे लगेच दिसतील. खाचांची झीज त्यांच्यापेक्षा वाईट : काळी चकाकी जाऊन राखाडी पट्टे दिसतात, आणि ती धुऊन जात नाही. लेबलच्या भोकाभोवती बारीक रेषांचं जाळं असेल तर रेकॉर्ड भरपूर वाजलेली आहे.

प्रश्न : अल्बममध्ये न घेतलेले टेक (त्याच गाण्याची वेगळी ध्वनिमुद्रणं) कुठे मिळतात? मित्राने दिलेल्या एका फाइलमध्ये सूर चढा वाटतो. (परभणी)

उत्तर : आधी अधिकृत आवृत्त्यांतले बोनस ट्रॅक तपासा. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने जानेवारी 1968 मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांकडून ‘द इनर लाइट’चं वाद्यसंगीत करून घेतलं होतं. त्याचा वेगळा टेक ‘वंडरवॉल म्युझिक’च्या 2014 च्या आवृत्तीत रीतसर मिळतो. तो चोरटा घ्यायची गरजच नाही.

चढ्या सुराचं कारण बहुधा टेपचा वेग. फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, शांत जागा निवडा आणि ‘प्लॉट स्पेक्ट्रम’च्या आलेखात विजेच्या घरघरीचं टोक शोधा. अमेरिकेतली वीज 60 हर्ट्झची, भारतातली आणि इंग्लंडमधली 50 ची. अमेरिकन ध्वनिमुद्रणात टोक 62 वर आलं तर वेग 3.3 टक्के जास्त आहे, म्हणजे सूर अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून थोडा वर. वेग 60 भागिले 62, म्हणजे 0.968 पट करा. एकापेक्षा जास्त टोकं दिसली तर जपून : एखादी घरघर नंतर कॉपी करणाऱ्या मशीनची असू शकते.

मूळ प्रतही चुकते बरं. जॅझ वादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची (1959) पहिली बाजू ध्वनिमुद्रणाचं मशीन हळू चालल्याने चढी वाजते. ती 1990 च्या दशकात सुधारली. तिथे नवी प्रतच घ्या.

प्रश्न : धुतल्यावर रेकॉर्ड जास्त कडकडते. (जालना)

उत्तर : बोअरचं पाणी वापरलंत का? ते जड असतं. वाळल्यावर क्षार खाचेत बसतात आणि सुई त्यांवर आपटते. बॅटरीच्या दुकानातून सीलबंद डिस्टिल्ड वॉटर आणा, शेजारचा ॲसिडचा कॅन नव्हे. एक लिटरमध्ये 150 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनरंगी लिक्विड सोपचे दोन थेंब. मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवा, लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्डने पुन्हा धुवा. ही पायरी गाळली की साबण खाचेत राहतो आणि पुन्हा तेच.

मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांना अल्कोहोल अजिबात नको, त्या लाखेच्या असतात आणि ते लाख विरघळवतं. त्या वाजवायला एलपीची सुईही चालत नाही, 3 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लागते.

धुतलेली रेकॉर्ड सावलीतच वाळवा. मेच्या उन्हात पत्र्याखाली किंवा बंद गाडीत ठेवलीत तर तासाभरात वाकेल.