पाळीपत्रकावर कुणाची नावं आहेत?

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. यंदाच निवासी शाळेत घातला. गणपतीत घरी आला तेव्हा तळहाताची सालपटं निघालेली दिसली. खोदून विचारलं तर म्हणाला, संडास धुवायची पाळी असते, अ‍ॅसिड टाकून. शाळेत फोन केला, तर 'आमच्याकडे श्रमसंस्कार असतात' असं उत्तर मिळालं. नवरा म्हणतो, एवढं काय त्यात, आम्हीही केलंय. तुम्ही स्वतः बोर्डिंगात वाढलात असं मागे लिहिलं होतंत. मुलाला परत आणू का?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, आधी हाताचं बघू. अ‍ॅसिड ही बारा वर्षांच्या पोराच्या हातात द्यायची वस्तूच नव्हे. डॉक्टरांना हात दाखवा, त्यांची चिठ्ठी जोडून मुख्याध्यापकांना पत्र द्या आणि पोच घ्या. फोनवर बोललेलं उद्या कुणाला आठवत नाही.

आता परत आणायचं का, ते. मी १९६३ साली पाचवीत बोर्डिंगात गेलो. फी म्हणून घरून ज्वारीचं पोतं यायचं. वीज नव्हती, चौदा कंदील होते. कंदिलाच्या काचेत मोठ्या पोरांचे हात जात नसत, म्हणून काचा पुसायचं काम आम्हा धाकट्यांकडे. आत चिमूटभर राख टाकायची, वर्तमानपत्राचा बोळा घालायचा आणि दोन बोटांनी गोल फिरवायचा. काच तडकली तर त्या कंदिलाची पोरं रात्री दुसऱ्यांच्या उजेडात खेटून बसायची आणि पुसणाऱ्याचा उद्धार करायची. सातवीत एकदा माझा हात काचेत अडकला. मॉनिटरनं बघितलं नि म्हणाला, "झालास मोठा. उद्यापासून पातेल्यावर."

पातेलं म्हणजे शंभर पोरांच्या आमटीचं. चुलीवर चढवण्याआधी बुडाला ओल्या राखेचा लेप दिला की काजळी लेपासकट निघून येते. आमचा आचारी घाईतला, लेप हमखास विसरायचा. मग आम्ही नारळाच्या शेंडीनं तासभर खरवडत बसायचो. आतून घासायला कमरेपर्यंत आत वाकावं लागे. तिथं म्हटलेलं गाणं मात्र काय घुमायचं!

आणि संडास? तेही होते, चराचे. वर माती ओढायची, चर भरला की दुसरा खणायचा. भिंतीवरच्या पाळीपत्रकात बुधवारी पहिलं नाव हेडमास्तरांचं असे. ते धोतर खोचून, नाकाला काही न बांधता फावडं घेऊन उभे राहत. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह काढलं, १९२७ मध्ये गांधीजींनी येऊन त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं, हे तुम्ही वाचलं असेल. तिथं सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवत आणि कामंही वाटून करत. आमच्या हेडमास्तरांनी तोच कित्ता गिरवला होता. कणीक कुणी मळायची आणि चर कुणी खणायचा हे आडनावावरून ठरत नसे. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. आमच्यातल्या एकाच्या आजोबांनी तेवढ्यासाठी नातवाला काढून नेलं होतं.

तरी सगळंच सोनं होतं असं सांगितलं तर खोटं होईल. एक रेक्टर होते, नाव घेत नाही. रविवारी चार पोरांना स्वतःच्या शेतात भुईमूग काढायला न्यायचे. सुरुवातीला आम्हाला त्यांचा हेवा वाटे, कारण ती पोरं खिसे भरून शेंगा आणायची. चाचणीच्या आदल्या दिवशीही नेलं, तेव्हा त्यातला एक गणितात बसला. मग लक्षात आलं की दर वेळी तीच चौघं. ज्यांचे बाप महिनोन्‌महिने भेटायला येत नसत, नेमकी ती. पाळीपत्रकात या कामाचा रकानाच नव्हता.

म्हणून तुमच्या यजमानांचं 'आम्हीही केलंय' मला अर्धंच पटतं. त्यांना विचारा, त्यांच्याबरोबर मास्तर होते का? तुम्ही भेटीच्या रविवारी जा आणि पाळीपत्रक बघायला मागा. संडासाच्या पाळीत सगळ्यांची नावं फिरतात की ठरावीकच पोरांची? शिक्षकांपैकी कुणी हात लावतं का? मस्ती केली की संडास, असा तर हिशेब नाही ना? तसं असेल तर ती शिक्षा झाली, आणि शारीरिक शिक्षेला व मानसिक त्रासाला शिक्षण हक्क कायद्याच्या, २००९ च्या, कलम १७ नं मनाई आहे. हे पत्रात लिहायला कचरू नका. मुलाशी मात्र फाटकापासून लांब, काहीतरी खायला देऊन बोला. ऑफिसात बसवून विचारलंत तर तो 'सगळं छान आहे' म्हणेल. आम्हीही तेच म्हणायचो.

पत्रकात सगळे असतील, अ‍ॅसिड बंद होऊन साधी पावडर आणि ब्रश येणार असेल, तर त्याला राहू द्या. झाडणं, ताट घासणं, अंथरूण घडी करणं यानं त्याचं काही बिघडत नाही. तीच ती चार नावं दिसली तर मात्र सत्र संपायची वाट बघू नका.

आणि जाताना त्याच्यासाठी रबरी हातमोजे विकत घेऊन जाल, आईचा जीव आहे. नेऊ नका. शाळेकडे मागा, सगळ्या पोरांसाठी.