गाडीचा धुता येणारा एअर फिल्टर घरी कसा साफ करायचा? पेट्रोलने धुतला तर चालेल का?

पेट्रोल, रॉकेल अजिबात नको. आधी फिल्टर खरंच धुण्याजोगा आहे ना, ते बघा. साधा कागदी फिल्टर पाण्याने वाया जातो. के अँड एनसारख्या कंपन्यांच्या सुती फिल्टरसाठी वेगळा क्लीनर मिळतो. तो दोन्ही बाजूंनी फवारा, १० मिनिटं मुरू द्या, पण वाळू देऊ नका. मग नळाची हलकी धार आतल्या, म्हणजे स्वच्छ बाजूने सोडा. उलट केलंत तर धूळ कापसात आणखी रुतते.

वाळवायचा सावलीत, रात्रभर. घाई म्हणून कॉम्प्रेसरची हवा मारू नका, सुती थर फाटतो.

वाळल्यावर सुती फिल्टरला त्याचं खास तेल लावायचं असतं, आणि खरी चूक होते ती हे तेल लावताना. प्रत्येक घडीवरून एकच बारीक धार पुरे. २० मिनिटांनी उजेडात धरा. तेल लाल असतं, त्यामुळे राहिलेला पांढरा डाग लगेच दिसतो. तिथेच थेंबभर लावा. निथळेल इतकं तेल झालं तर ते एअरफ्लो सेन्सरवर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा भाग) बसतं, गाडी धक्के खाते, चेक इंजिनचा दिवाही लागू शकतो.

बसवताना रबरी कडेवरून बोट फिरवून बघा. फट राहिली तर धूळ थेट इंजिनात जाते.